परक्या शब्दांची वही

तीस वर्षं मी एक वही ठेवली. खाकी पुठ्ठ्याची, उभी, वाण्याच्या दुकानात उधारी लिहायला असते तसली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘परके शब्द’. आत प्रत्येक पानाचे दोन रकाने. डावीकडे परका शब्द, उजवीकडे आपला प्रतिशब्द. पनवेलजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवायची. वहीतला एक शब्द रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा आणि मुलांनी दिवसभर तो उच्चारायचा नाही, असा वर्गाचा नेम होता. चावी, साबण, कमीज, बंदर, कुलूप. काही शब्दांपुढचा उजवा रकाना रिकामा राहिला होता. पाव आणि बटाटा त्यातले. ते रिकामे रकाने मला टोचायचे. आपल्या घराला कुठेतरी भोक पडलं आहे, असं वाटायचं.

ही वही मी अभिमानाने ठेवली होती. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी दिनांक आणि महापौर यांसारखे शब्द दिले. या परंपरेतली एक छोटी पणती आपणही लावतो आहोत, अशी माझी भावना होती. त्या कामाबद्दलचा आदर आजही तसाच आहे. कारभार लोकांच्या भाषेत चालावा, हा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. पण मी त्यातून माझ्यापुरता एक वेगळाच नियम काढला होता. शब्द कुठे जन्मला यावर त्याची किंमत ठरते. बाहेर जन्मलेला कमी प्रतीचा आणि इथला बाहेर गेला तर तो बिघडलेला. हा नियम मी शेकडो मुलांना शिकवला. तो चूक होता, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं, आणि कळायला कारण झाली साबुदाण्याची खिचडी.

८ मार्च २०२४, शुक्रवार, महाशिवरात्र. माझी लेक आणि जावई क्वालालंपूरला असतात. तिथल्या शाळांचं वर्ष तेव्हा मार्चमध्ये सुरू होत होतं, म्हणून आधीच्या सुट्टीत लेक आणि नात इथे पनवेलच्या खांदा कॉलनीत आल्या होत्या. पहाटे आम्ही तिघी खांदेश्वराला गेलो. रांग तळ्याच्या कडेने लांबवर गेली होती, बेलाच्या पानांचे वाटे घेऊन बायका बसल्या होत्या. घरी आल्यावर कवठाची चटणी वाटली आणि रात्री भिजवून ठेवलेल्या साबुदाण्याची गुठळी मोडायला नातीला बसवलं. तिने दाणे बोटांत चोळले, एक तोंडात टाकला आणि ओरडली, “आजी, हा तर सागू!”

मी म्हटलं, “साबुदाणा म्हणावं बाळा.”

“पण आमच्याकडे सागू म्हणतात. सागू गुला मलाका करतात ना. सागू शिजवायचा, गार करायचा, वर नारळाचं दूध आणि काळा गूळ.”

“ते आपलाच शब्द बिघडवून म्हणत असतील. आपण शुद्ध बोलावं.”

नात गप्प झाली. आठ वर्षांची मुलगी, तिला आपण काय चुकलो ते कळलं नाही. लेकीने माझ्याकडे पाहिलं, बोलली काहीच नाही. माझं ते वाक्य मी पूर्ण खात्रीने बोलले होते. इतक्या वर्षांच्या सवयीने ते आपोआप तोंडून आलं.

शनिवारी दोघी परत गेल्या. सोमवारी तिची शाळा सुरू झाली आणि मंगळवारी तिकडे रमझान लागला. त्या संध्याकाळी फोनवर ती सांगत होती, “आजी, माझ्या शेजारी बसते ना, ती आजपासून पुआसा करते. दिवसभर पाणीसुद्धा प्यायचं नाही.”

“पुआसा म्हणजे काय?”

“म्हणजे उपास.”

तिने सहज मराठीत अर्थ सांगितला. मी फोन ठेवला आणि तो शब्द दोन-तीनदा मोठ्याने म्हटला. पुआसा. उपवास. पुआसा. मागचा आवाज ऐकू आला तेव्हा अंगावर काटा आला. संस्कृतातला ‘उपवास’ तिकडे गेला आणि त्याचा ‘उ’ गळला. आपल्याकडे राहिला आणि त्याचा ‘व’ गळला, उपास झाला. उप म्हणजे जवळ, वस म्हणजे राहणं. जवळ राहण्याचा तो शब्द. मलेशियात आणि इंडोनेशियात कोट्यवधी मुसलमान माणसं रमझानच्या रोज्याला हाच शब्द वापरतात. रमझानचा महिना हा त्यांचा ‘बुलान पुआसा’, म्हणजे उपासाचा महिना. इफ्तार म्हणजे ‘बुका पुआसा’, उपास सोडणं. माझ्या नियमाप्रमाणे हा बिघडलेला शब्द. पण पहाटेपासून तहान मारून बसलेल्या त्या लहान मुलीच्या तोंडी तो बिघडलेला आहे, असं म्हणण्याची मला लाज वाटली. आणि लगेच दुसरा प्रश्न आला. मग सागू?

त्यानंतरचे काही महिने मी कोश आणि पुस्तकं घेऊन बसले. कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश घरात होताच. लेकीने तिकडच्या मलय कोशातली पानं पाठवली. हॉब्सन-जॉब्सन या १८८६ च्या प्रसिद्ध कोशातही सागू आहे, आणि तिथे त्याचं मूळ मलयच दिलं आहे. शब्दाचा प्रवास माझ्या समजुतीच्या नेमका उलट होता. सागू तिकडचा. साबुदाण्यातला ‘साबू’ म्हणजे तोच सागू, इथे येऊन रूप बदललेला, आणि त्याला आपला दाणा जोडलेला. बिघडवलं असेल तर आपण. तेलुगू माणसांनी त्याचा ‘ग’ जपला, ते सग्गुबिय्यम म्हणतात, म्हणजे सागूचा तांदूळ. तमिळांनी तर गावच नावात ठेवलं. त्यांचा जव्वरिशी म्हणजे जावाचा तांदूळ.

सागू म्हणजे काय, हेसुद्धा मला तोवर माहीत नव्हतं. तो एक माड आहे, न्यू गिनी आणि मालुकू बेटांकडचा, दलदलीत वाढणारा. दहा-पंधरा वर्षं तो आपल्या खोडात पिठूळ गर साठवत राहतो आणि आयुष्यात एकदाच फुलतो. फुलोरा आला की सगळा साठा त्यात खर्ची पडतो, म्हणून माणसं त्याआधीच झाड पाडतात. खोड चिरायचं, गर कुटायचा, पाण्यात धुवायचा, चोथा गाळायचा आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. एका खोडातून दीडशे ते तीनशे किलो पीठ मिळतं. भात जिथे पिकत नाही तिथे हेच अन्न. मालुकू आणि पापुआत त्याची पापेदा नावाची चिकट लापशी माशाच्या रश्श्याबरोबर खातात. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने सुमात्रात झाडाच्या पोटातून निघणारं हे पीठ पाहिलं आणि त्याची नोंद केली. शब्दाच्या छटाही मलेशियात आणि इंडोनेशियात वेगळ्या आहेत. मलय बोलणारा माणूस झाडाला रुंबिया म्हणतो आणि सागू म्हणजे त्याचं पीठ. इंडोनेशियात झाडही सागू आणि पीठही सागू. एकाच शब्दाला दोन शेजारी वेगळे अर्थ देतात आणि दोघेही बरोबर असतात, हे मला पुन्हा पुन्हा वाचावं लागलं.

या पिठाचे मोत्यासारखे दाणे करून ते मलाक्का-सिंगापूरकडून जहाजांनी जगभर जाऊ लागले. आपल्याकडेही असेच आले. मग आपण आज जो साबुदाणा खातो तो या माडाचा का? तर नाही. इथे आणखी एक वळण आहे आणि मला ते सगळ्यात जास्त आवडतं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि तिकडचा माल थांबला. सेलमच्या धंद्याचा इतिहास सांगतो की १९४३ च्या सुमारास तिथल्या माणिकम चेट्टियार या व्यापाऱ्याची केरळात पेनांगहून आलेल्या पोपटलाल शहांशी गाठ पडली आणि कसाव्याच्या कंदापासून साबुदाणा करण्याचा उद्योग सुरू झाला. कंद सोलायचे, किसायचे, दूध काढायचं, साका बसू द्यायचा, ओलसर पीठ झोळीत हलवून त्याचे गोल दाणे करायचे, चाळायचे, भाजायचे किंवा वाफवायचे आणि उन्हात वाळवायचे. १९८१ साली तिथे कारखानदारांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर केरळात आलेला.

म्हणजे आपल्या परातीतला दाणा अमेरिकेतल्या कंदाचा, नाव पूर्वेकडच्या माडाचं, घडण तमिळनाडूतली आणि व्रत आपलं. त्याच्याबरोबरचे शेंगदाणे, मिरची आणि बटाटा हेही समुद्रापलीकडून आलेले. हे कळल्यावर माझ्या श्रद्धेला तडा गेला का, असं मला शेजारच्या काकूंनी विचारलं. अजिबात नाही. मी पुढच्या एकादशीला तीच खिचडी केली आणि पूर्वीपेक्षा जास्त प्रेमाने देवापुढे ठेवली. इतक्या लांबून इतक्या हातांतून आलेलं अन्न देवापुढे ठेवताना मला कमीपणा वाटला नाही.

पण माझ्या वहीचं काय करायचं, हा प्रश्न सुटेना.

याच शोधात मला खोंडा या डच संस्कृत पंडितांचं नाव भेटलं. इंडोनेशियातल्या संस्कृत शब्दांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला, आणि तो छापला गेला कुठे, तर नागपुरात, डॉ. रघुवीरांच्या संस्थेकडून. रघुवीर म्हणजे राज्यकारभारासाठी हजारो संस्कृतनिष्ठ शब्द घडवणारे विद्वान. त्यांनीच हा ग्रंथ काढावा याचं मला फार नवल वाटलं, कारण त्या शब्दांनी तिकडे जाऊन जे केलं आहे ते पाहिलं की शब्दाचा एकच खरा अर्थ असतो ही कल्पना टिकत नाही. तिकडे चिंता म्हणजे प्रेम. आपण ज्याची काळजी करतो त्यावरच आपलं प्रेम असतं, हे आईला वेगळं सांगावं लागत नाही. तिकडे विचाराचं बिचारा झालं आणि त्याचा अर्थ बोलणं. स्वामी, त्यांचा सुआमी, म्हणजे नवरा. कुल आणि वर्ग मिळून केलुआर्गा, म्हणजे कुटुंब. छायेचं चहाया झालं आणि अर्थ चक्क उजेड. संसाराचं सेंगसारा झालं आणि अर्थ उरला हालअपेष्टा. कोट म्हणजे आपला किल्ल्याचा कोट. तिकडे कोता म्हणजे शहर. गुळाचा गुला झाला आणि तो साखरेला लागला. आमच्या नातीच्या सागूवर ओतायचा तो काळा ‘गुला मलाका’ म्हणजे ताडामाडाचा गूळ, मलाक्क्याचा.

या प्रत्येक शब्दापुढे मी लाल पेन घेऊन उभी राहिले असते तर काय केलं असतं? तिकडच्या एखाद्या मुलीने प्रेम या अर्थाने चिंता लिहिलं असतं तर मी ते खोडलं असतं. खोडून मी नक्की कशाचं रक्षण केलं असतं, याचं उत्तर मला देता येत नाही.

आणि मग तो शिलालेख. सुमात्रात पालेमबांगजवळ केदुकान बुकित नावाच्या जागी १९२० साली सापडलेला, सातव्या शतकातला. मलय भाषेतलं आपल्या हाती असलेलं सर्वांत जुनं लेखन हेच मानतात. आपल्या पंचांगासारखाच तोही शक मोजतो. सुरुवातीला तिथी दिली आहे: वैशाख शुद्ध एकादशी. एकादशी हा शब्द तसाच्या तसा. त्या दिवशी कुणीतरी नावेत बसून यात्रेला निघाल्याची ती नोंद आहे. ज्या भाषेने आपल्याला सागू दिला, तिच्या पहिल्या ओळीत एकादशी आहे. हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी लेकीला फोन केला, तिकडे दीड वाजून गेला होता हे विसरून. ती घाबरून उठली. मी तिला एवढंच म्हटलं, “मी नातीला उगीच टोकलं गं.”

आता मी काय मानते ते स्पष्ट लिहिते. आपल्याकडे चालता-बोलता शब्द असताना आळसाने तो टाकून द्यायचा, हे मला आजही पटत नाही. त्यासाठी मी मुलांशी पुढेही भांडेन. पण शब्द आपला झाला की नाही, हे त्याच्या जन्मगावावरून ठरवणं मी सोडलं आहे. मी बघते ते एवढंच की तो आपल्या व्याकरणात नांदतो का. साबुदाणा, साबुदाण्याची, साबुदाण्याला, चार साबुदाणे सांडले: तो सामान्यरूप घेतो, अनेकवचन घेतो, विभक्त्या अंगाला लावून घेतो. तो आपला आहे. तिकडेही तसंच झालं. पुआसाला त्यांनी आपला ‘बर्’ हा उपसर्ग लावला आणि ‘बर्पुआसा’ म्हणजे उपास करणं, असं क्रियापद केलं. पुस्तकाचं ग्रंथालय करताना त्यांनी पुढे ‘पर्’ आणि मागे ‘आन’ लावून पर्पुस्ताकाआन केलं. ज्या घरात शब्द क्रियापद होतो, नाम होतो, तिथे तो पाहुणा राहत नाही.

माझ्या वहीत ‘बंदर’ होता आणि त्यापुढे मी ‘पोताश्रय’ लिहिलं होतं. पनवेलच्या खाडीत गलबतं लागत होती तेव्हापासून इथली माणसं बंदर म्हणत आली. त्यांच्यापुढे पोताश्रय म्हणाले असते तर मी कुणाशी बोलते आहे तेच त्यांना कळलं नसतं. फारसी बंदर पूर्वेकडेही गेला. मलयमध्ये त्याचा अर्थ शहर, इंडोनेशियात बंदर, आणि तिथेच त्याला हवेचा ‘उदारा’ जोडून विमानतळाला ‘बंदारा’ हा शब्द झाला. आमच्या गच्चीतून आता नवी मुंबई विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात. नात आली की ती बोट दाखवून “आजी, बंदारा!” म्हणते आणि मी तिला टोकत नाही. उलट न्हावाशेव्याच्या दिशेला बोट करून “आणि ते बंदर” असं सांगते.

वही मी फाडली नाही. फक्त पहिल्या पानावरचं ‘परके’ खोडून तिथे ‘आलेले’ लिहिलं आणि डाव्या-उजव्या रकान्यांच्या मध्ये एक तिसरा रकाना आखला: कुठून, कसा. पाव आणि बटाट्यापुढची जागा आता भरली आहे. मागच्या बाजूने दुसरी यादी सुरू केली आहे, इथून गेलेल्या शब्दांची, आणि तिच्यातला पहिला शब्द पुआसा.

एक गोष्ट राहिली आणि खरं तर तिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. १९९८ साली आठवीच्या सहामाही परीक्षेत मी एक प्रश्न घातला होता: गटातल्या परभाषी शब्दाभोवती गोल करा. गट होता वरी, राजगिरा, साबुदाणा, बटाटा. मला बटाटा हे उत्तर हवं होतं. एका मुलाने बटाट्याभोवती गोल केला आणि साबुदाण्याभोवतीही. दोन गोल म्हणून मी त्याचे दोन्ही गुण कापले. पेपर वाटल्यावर तो टेबलापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, “बाई, माझे बाबा जहाजावर असतात. ते सांगतात तिकडं सागूची झाडं असतात, साबुदाणा हे त्याचंच नाव.” मी त्याला सगळ्या वर्गासमोर विचारलं की देवाच्या ताटातल्या पदार्थाचं नाव परकं कसं असेल, आणि खाली बसायला सांगितलं. वर्ग हसला. तो जाऊन बसला, आणि वर्षभर पुन्हा कधी टेबलापाशी आला नाही. तेव्हा मला ते शिस्तीचं वाटलं होतं. आता त्याची पाठमोरी आकृती डोळ्यांपुढून हलत नाही.

त्याचं नाव मला आठवतं, पण इथे लिहीत नाही. तो आता चाळिशीत असेल. बाळा, हे तुझ्या वाचनात आलं तर ऐक. तुझं उत्तर बरोबर होतं आणि तुझे बाबाही बरोबर होते. त्या दोन गुणांवर तुझा हक्क होता. मी अजून खांदा कॉलनीतच राहते. कधीही ये.